डॉक्टरताईंच्या पायाखालचं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. पण मित्रांनो, मला कमी लेखू नका बरं का. देशाच्या सभागृहात मंत्र्यांच्या खुर्च्यांना मऊ गाद्या आहेत, मला नाही. तरी माझी ऐट त्यांच्यापेक्षा जास्त.

डॉक्टरताई निवडून आल्या आणि पहिल्याच भाषणाला पंचाईत झाली. ताई ठेंगण्या, समोरचं मेज उंच. आवाज खणखणीत, पण माणूसच दिसेना. सगळे खो खो हसले, ताईही हसल्या. मग सभागृहाच्या सुतारकाकांनी एका मोडक्या बाकाच्या फळीतून मला घडवलं.

ताई पूर्वी सैन्यात डॉक्टर होत्या आणि त्यांचा मुलगाही सैन्यातच. माझ्यावर उभं राहून त्यांनी जवानांसाठी उबदार बूट मागितले, चांगली हेल्मेटं मागितली, आणि हात धुऊन मागे लागून मिळवलीही. अभिमानानं माझी फळी फुगायची. सुतारकाका म्हणायचे, ओल लागली असेल.

मग एक विधेयक आलं. सभागृहाला न विचारता सरकारला सैन्य परदेशी लढायला पाठवता यावं, असं त्यात होतं. ताई विरोधात बोलणार हे कळताच त्यांच्याच पक्षाचे प्रमुख मेजापाशी येऊन म्हणाले, "ताई, आज आडव्या गेलात तर पुढच्या निवडणुकीचं तिकीट विसरा." ताई सरळ माझ्यावर चढल्या.

"मी सैन्याच्याच बाजूची आहे," त्या म्हणाल्या. "सैन्य बळकट हवंच. पण ते लढायला धाडायचं की नाही, हे चार जणांनी बंद खोलीत ठरवायचं नाही. माझ्या लेकाला पाठवायचं तर पाठवा, तो जाईल. फक्त का पाठवताय, ते इथं सगळ्यांसमोर सांगा."

त्यांचे पाय थरथरत होते. ते फक्त मला कळलं. मी चारही पाय घट्ट रोवून ठेवले.

विधेयक थोड्या मतांनी पडलं. ताईंचं तिकीटही गेलं. त्यांच्या जागी एक ताडमाड गृहस्थ आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. वर झाडाची कुंडी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे शेजारच्या देशावर हल्ला झाला. मदतीला सैन्य पाठवायचं, तर सरकारला सभागृहात यावंच लागलं. जिन्याखाली लाउडस्पीकरचा आवाज येतो, मी सगळं ऐकलं. दिवसभर प्रश्न झाले, उत्तरं झाली आणि परवानगी मिळाली. सर्वांत आधी ताईंच्या लेकाची तुकडी निघणार होती.

ताई प्रेक्षकांच्या सज्जातून खाली उतरल्या. चपराशीमामा म्हणाले, "एवढं भांडलात ताई, आणि शेवटी पाठवलंच की त्याला."

ताईंनी कुंडी बाजूला केली, माझ्यावर बसल्या आणि डोळे पुसले. "पाठवलं," त्या म्हणाल्या, "पण विचारून पाठवलं. आपण का जातोय, ते त्याला ठाऊक आहे."

मित्रांनो, कुंडी परत आली तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा, पाणी घातलं की माझी फळी पुसत जा. लाकूड कुजायला वेळ लागत नाही, आणि उद्या आणखी कुणा ठेंगण्या माणसाला सरकारला काही विचारायचं असेल.