शांताआजींचा डबा

आमच्या घरात एक नियम आहे. कुणी काही दिलं, कुणी काही केलं, की आमच्या लेकीने, सान्वीने, स्वतःच्या हाताने थँक्यू कार्ड करून द्यायचं. दुकानातलं आयतं चालत नाही. माझा नवरा प्रशांत चिडवतो, "उद्या डासालाही कार्ड द्यायला लावशील तिला, चावला नाही म्हणून." चिडवू दे. वॉचमन बाबुरावांनी तिची सायकल नीट करून दिली, तर तिचं कार्ड त्यांनी खुर्चीमागच्या भिंतीवर चिकटवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. पोरीला केलेल्याची जाण असावी, एवढंच माझं म्हणणं.

त्यामुळे समोरच्या शांताआजी कळवा सोडून मुलाकडे बाळकुमला निघाल्या, तेव्हा सगळ्यात मोठं कार्ड त्यांचंच झालं. मी ठाण्याला ऑफिसात आणि सान्वी आजींकडे, अशीच ही पोर वाढली. तापात पट्ट्या ठेवायला आजी आणि उलटून बोलली तर धपाटा घालायलाही आजीच. सान्वीने त्यांचं हिरवं दार रंगवलं आणि खाली लिहिलं, 'आजी, सगळ्यासाठी थँक्यू.'

आजींनी चष्मा लावून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मेघना, हे तू शिकवलंस?"

"हो," मी शाबासकीची वाट बघत म्हणाले.

"आभार परक्यांचे मानतात गं. जायच्या आधी कळलं ते बरं झालं." कार्ड सान्वीच्या हातात परत देऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मी घरी येऊन भांडी आपटली. म्हातारीचं डोकं फिरलंय, असंही म्हणाले. खरं तर मला रडू येत होतं. सकाळी टेम्पो येणार होता आणि एवढ्या वर्षांची माया अशी तोंड फिरवून संपणार होती.

ओट्यावर आजींचा स्टीलचा डबा होता. त्यातून परवाच बेसनाचे लाडू आले होते.

"चिमूटभर साखर घाल आणि देऊन ये," मी सान्वीला म्हटलं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे तिला आजींनीच शिकवलेलं. पण तिने डबा उचलला आणि आपल्या खेळण्यांच्या कपाटात ठेवून दिला.

"अगं, तो त्यांचा आहे!"

"माहितीये," ती म्हणाली आणि रंगपेटी घेऊन बसली.

सकाळी टेम्पो भरून झाला. आजी पिशवी घेऊन गेटपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. सान्वी तेच कार्ड घेऊन पुढे गेली. आजींनी हात मागे घेतला.

"मागच्या बाजूला वाच ना," सान्वी म्हणाली.

आजींनी मोठ्याने वाचलं, "आजी, तुझा डबा माझ्याकडे आहे. रिकामा देता येत नाही आणि मला लाडू येत नाहीत. तू ये, शिकव, मग भरून देते."

"आणि लाडू बिघडले तर?" आजींनी विचारलं.

"मग परत यायचं."

काय पोरगी आहे! मला आणि आजींना जे सुचलं नाही, ते तिने रंगीत पेन्सिलीने लिहून टाकलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

आजींनी कार्ड कमरेच्या बटव्यात नीट घडी करून ठेवलं. मग पिशवीतून वाटेत खायला घेतलेल्या थालीपिठांचा डबा काढून सान्वीच्या हातात दिला.

"एका डब्यासाठी बाळकुमहून कोण येतं गं? हा पण ठेव."