हेल्मी आज आत बसणार होती

“हे आपलं की त्यांचं?” आतून गलका उठला तसं हेल्मीने डोळे मिटूनच विचारलं.

“कुणाचंच नाही. फटका अडवला,” व्हर्न म्हणाला. “आपला गोल झाला की भोंगा वाजतो, त्यांचा झाला की चिडीचूप. इतकी वर्षं येतेस पोरी, एवढं कळत नाही?”

“कळतं हो. पण कुणीतरी सांगितलेलं बरं.”

व्हर्न हा आइस हॉकीच्या रिंकच्या बाहेरच्या बोळात खिमा-बटाट्याच्या गरम पेस्टी विकणारा म्हातारा. भिंतीपलीकडे कॉलेजच्या संघाचा बाद फेरीचा सामना चालू होता. आज जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर हंगाम संपला. जाळीपुढे गोलकीपर म्हणून हेल्मीचा मुलगा ऑस्कर उभा होता आणि सगळं गाव आत त्याला बघत होतं. त्याची आई तेवढी बाहेर, पेस्टीच्या गाड्याला पाठ टेकून उभी होती.

हेल्मी मुळात भित्री नाही. ती शाळेची बस चालवते. सरोवरावरून बर्फाचं वादळ येतं, रस्ता कुठे आणि शेत कुठे ते कळेनासं होतं, तेव्हाही हिची बस वेळेवर निघते. एकदा बस घसरत घसरत खड्ड्याच्या काठाशी गेली. मागे पोरं किंचाळत होती आणि ही आरशात बघून म्हणाली, “जरा गप्प बसा रे, मला विचार करू द्या.” अशी ही बाई, पण आपला मुलगा जाळीपुढे उभा राहिला आणि ती रबरी चकती त्याच्या दिशेने सुटली की हिच्या जिवाचं पाणी पाणी होतं.

ऑस्कर दहा वर्षांचा असताना चकती त्याच्या गळ्याला लागली होती. तो आडवा झाला, उठेना. हेल्मी कठडा ओलांडून तशीच बुटांनी बर्फावर धावली, घसरून पडली आणि स्वतःचं मनगट मोडून बसली. तोवर ऑस्कर उठून उभा राहिला होता! पुढे वर्षभर पोरं त्याला ‘आईला बोलावू का?’ म्हणून चिडवत राहिली. तेव्हापासून हेल्मीने आत बसणं सोडलं. शाळेत असतानाचे त्याचे सगळे सामने तिने बाहेर उभं राहून, भिंतीला कान लावून ऐकले.

कॉलेजात मात्र नवल झालं. ऑस्करला संघात घेतलं, पण खेळायला कधी मिळालंच नाही. त्याच्यापुढे नेहमी कुणीतरी सरस असायचा. ऑस्कर चार वर्षं बाकावर बसला आणि हेल्मी चार वर्षं आत बसली, अगदी पुढच्या रांगेत. खेळाडू बदलायचे कधी, शिक्षा कशाची, शेवटी गोलकीपर बाहेर का काढतात, हे सगळं ती शेजारच्यांना समजावून सांगायची. खेळ इतका सुंदर आहे हे तिला पन्नाशीत कळलं. लोक हळहळून म्हणायचे, “बिचाऱ्याला एकदा तरी संधी द्यायला हवी.” ती मान डोलवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, नको. स्वतःच्या पोराला संधी मिळू नये असं वाटणारी आपण कसली आई, हेही तिला वाटायचं. पण वाटायचं ते वाटायचंच.

यंदाच्या हंगामाची सुरुवात अशी झाली की ऑक्टोबरातच गावाने हाय खाल्ली होती. मग बेकेट नावाचा पहिल्या वर्षाचा गोलकीपर उभा राहिला तो भिंतीसारखा. नाताळापर्यंत संघ सावरला, फेब्रुवारीत तर बाद फेरीत पोचला. वाण्याच्या दुकानात, चर्चमध्ये, बसच्या थांब्यावर बोलायला दुसरा विषय नव्हता. आणि गुरुवारी सरावात बेकेटच्या मांडीचा स्नायू फाटला.

आज दुपारी ऑस्कर घरी जेवायला आला. मॅकरोनीच्या दोन ताटल्या संपवल्या, तिसरी नको म्हणाला, तेव्हाच हेल्मीने ओळखलं की पोरगं घाबरलंय.

“आई, एक मागू?”

“माग की.”

“आज आत बस.”

हेल्मी ओट्याकडे वळली. धुतलेलं पातेलं पुन्हा धुऊ लागली.

“शाळेत असताना सामना संपला की बाकीच्यांच्या आया म्हणायच्या, तो फटका काय अडवलास रे! आणि तू विचारायचीस, ‘कसा झाला?’ दरवेळी मीच तुला सांगायचो. आज तू मला सांग, मी कसा खेळलो ते. यानंतर मी काही खेळणार नाही. उन्हाळ्यात नोकरी सुरू होईल.”

“बसेन,” हेल्मी म्हणाली.

तिचा नवरा ड्वेन टेबलापाशी वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पानाआडून एकदा बायकोकडे बघितलं आणि पान उलटलं.

शब्द दिला होता, म्हणून ती बसलीसुद्धा. राष्ट्रगीत झालं, शिट्टी झाली, पहिला फटका ऑस्करच्या छातीवर बसला आणि हेल्मी बोळात होती. मधले जिने आपण कधी चढलो हेही तिला आठवेना.

पहिल्या विश्रांतीत ड्वेन कॉफी घ्यायला बाहेर आला.

“कसा खेळतोय?”

“बरा.”

ड्वेनच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे फार झालं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो हेल्मीला ‘बरी दिसतेस’ एवढंच म्हणाला होता.

“येतेस ना आत?” त्याने विचारलं.

“आलेच.”

ती दारापर्यंत गेलीही. दाराला हात लावला, तेवढ्यात पलीकडून ‘ओऽऽ’ असा आवाज उठला आणि ती परत गाड्यापाशी आली. व्हर्नने तिच्या हातात पेस्टी ठेवली. दुसऱ्या सत्रात भोंगा वाजला, बँड वाजला, व्हर्नने टोपी उडवली. मग काही वेळाने सगळं चिडीचूप झालं. एक-एक. त्यानंतर मात्र ‘ओऽऽ’वर ‘ओऽऽ’ येत राहिले, आणि प्रत्येकानंतर टाळ्या. आतून ‘ऑस-कर, ऑस-कर’ असा घोष ऐकू येऊ लागला.

“ऐकलंस का?” व्हर्न म्हणाला. “माझं नाव कुणी असं ओरडलं असतं तर मी पेस्टी फुकट वाटल्या असत्या. जा गं बाई. मेलीस तरी तिथे मर, इथे गिऱ्हाइकाची वाट अडवू नकोस.”

“शेवटच्या, तिसऱ्या सत्रात जाते.”

तिसरं सत्र सुरू झालं तरी ती तिथेच. हातातली पेस्टी गार झाली. आता शेवटची काही मिनिटं बघू, तेवढी तर काढू, असा तिने स्वतःशी सौदा केला. आणि तेव्हाच ती शांतता झाली. या खेपेला ती सरेना. कुणी शिव्यासुद्धा देईना.

हेल्मीला वाटलं होतं, असं काही झालं तर आपले पाय गळून जातील. झालं उलटंच. तिच्या डोळ्यांपुढे पोरगं आलं: गोल खाऊन एकटं उभं असलेलं, मुखवट्याआडून पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघणारं. पेस्टी व्हर्नच्या हातात कोंबून तिने दार ढकललं.

आत सगळे उभे होते. तिला पाठी दिसत होत्या, कोट दिसत होते. “सरका हो, त्याची आई आहे मी,” असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली. लोक सरकले. वाटेत एका बाईची कॉफी सांडली, त्या बाईनेच ‘सॉरी’ म्हटलं. हेल्मी जिने उतरत काचेपाशी पोचली आणि तिने मान वर केली.

ऑस्कर जाळीपुढे होता. वाकलेला, रुंद, पाठीवर घामाची वाफ. किती मोठा दिसतो हा, असं तिला वाटलं. पण त्याचं लक्ष चकतीकडे नव्हतं, प्रशिक्षकाकडे होतं. प्रशिक्षकाने हात हलवला आणि ऑस्कर जाळी सोडून धावत सुटला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण एका गोलने मागे आहोत, वेळ संपत आलाय. आता गोलकीपर बाहेर घेणार आणि हल्ल्याला एक जास्तीचा खेळाडू देणार. शेजारच्यांना हा नियम तिने किती वेळा समजावला होता! घाईत, भीतीत, तोच तेवढा विसरली होती.

ऑस्कर तिच्यासमोरून गेला. ते अवजड पॅड, तो मुखवटा, आणि त्या सगळ्यासकट तो जिवाच्या आकांताने धावत होता, कारण तो जितका लवकर बाहेर येईल तितका लवकर दुसरा आत जाणार होता. कठड्यावरून त्याने अंग आत टाकलं. बाकावरचा मुलगा उडी मारून बर्फावर गेला. लोक समोरच्या संघाच्या जाळीकडे बघत ओरडू लागले. हेल्मी बाकाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने सगळ्यांच्या तोंडून एकदमच सुस्कारा निघाला, तेव्हा तिला कळलं की चकती आपल्या रिकाम्या जाळीत गेली.

गाडीवर बर्फ साचलं होतं. ड्वेन ते खरवडत असताना ऑस्कर ओल्या केसांनी आला आणि मागच्या सीटवर बसला. हेल्मी त्याच्या शेजारी बसली.

“कुठे होतीस?” त्याने विचारलं. चिडून नव्हे.

“बाहेर. शेवटी आले. तू धावत बाहेर आलास, तेवढंच पाहिलं. बाकी काहीच नाही पाहिलं रे. शेवटचा गोलसुद्धा नाही. सगळे तिकडे बघत होते, मी तुझ्याकडे बघत होते. तू पाणी प्यायलास. मुखवटा वर केलास. मग उभा राहिलास.”

“म्हणजे चार वर्षं पाहिलंस तेच,” ऑस्कर म्हणाला आणि थोडासा हसला. “बाकावरून तू मला समोरच दिसायचीस, आई. काय निवांत चेहरा असायचा तुझा.”

ड्वेन येऊन पुढे बसला, त्याने गाडी चालू केली आणि आरशात बघून म्हणाला, “बरा खेळलास.”

ऑस्करने डोकं मागे टेकून डोळे मिटले.

“सांग मग,” तो म्हणाला. “कसा आलो मी बाहेर?”

हेल्मीने नाक पुसलं आणि सांगितलं. कोचने हात हलवला, तू वळलास, बर्फावरची निळी रेघ ओलांडलीस, पॅड एकमेकांवर आपटत होते, तरी थांबला नाहीस. इतक्या जोरात धावताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या जागी जाणारा पोरगा अजून उठलासुद्धा नव्हता, तोवर तू कठड्यापाशी होतास.

गाडी पुलावर आली तेव्हा ऑस्कर डोळे मिटूनच म्हणाला, “परत सांग.”