धारेची खबर

"तिसऱ्या खांबाच्या पुढे बर्फ काचेसारखा गुळगुळीत झालाय. डाव्या अंगाने चालावं. खिंडीत वारा ढकलतो, तिथे थांबू नये," काकांनी फोनवर सांगितलं, आणि ताईंच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली.

काका डोंगराच्या धारेवरच्या पायवाटेचे राखणदार. हिवाळ्यात रोज सकाळी वर जाऊन त्यांनी वाट बघायची, खाली येऊन फोन करायचा आणि ताईंनी ते कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. त्या फळ्याच्या भरवशावर लोक वर चढत. बावीस वर्षं काकांचा अहवाल चार शब्दांचा होता: धार ठीक, जपून जावं. या हिवाळ्यात मात्र त्यांना एकाएकी वाचा फुटली होती.

ताईंचा स्वभावच संशयी. दुकानदाराने वजन बरोबर दिलं, तर त्या काट्याकडे निरखून बघत. हा माणूस घरी शेकत बसून थापा मारतो, अशी त्यांनी खूणगाठ बांधली. एखादी थाप चुकली की कुणाचा तरी जीव जायचा. आणि साहेबांना कळवलं तर काकांची नोकरी जाणार, तिच्याबरोबर पायथ्याचं सरकारी घरही. म्हणून आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शिपायाला फोनपाशी बसवून त्या निघाल्या. काकांचं दार बंद, धुराड्यातून धूर. "घ्या, सापडले," त्या पुटपुटल्या. तिसऱ्या खांबापाशी मात्र बर्फ सांगितल्यासारखाच निघाला. खात्री करायला त्यांनी उजव्या अंगाने एक पाऊल टाकलं आणि सपशेल आपटल्या. उठताना त्यांना पुढे गेलेली पावलं दिसली. ताजी होती, पण काकांच्या मापाची नव्हती.

खिंडीत काकांची बायको बर्फात काठी रोवून खोली बघत होती.

ताईंनी काका कुठे आहेत म्हणून विचारलं.

"घरी. थंडीच्या आधीपासून त्यांना पायाखालचं दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं म्हणतात." काकूंनी काठी उपसली. "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मला अजून शेवटचा खांब बघायचाय."

ताई मागून चालल्या. दोघांनी मिळून आपल्याला तीन महिने बनवलं, याचा त्यांना राग आला होता, आणि काकूंचं एकही पाऊल चुकत नाही हे बघून तो कुणावर काढावा ते कळेना. गप्प बसावं असंही एकदा मनात आलं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, काकू गुडघ्यांवर बसल्या, झोत सरल्यावर उठून चालू लागल्या. ताईंनी मात्र घर येईपर्यंत त्यांच्या पाठीवरून नजर काढली नाही.

काका शेगडीपाशी बसले होते. दोघींची पावलं ऐकताच ते काय ते समजले आणि घर कधी रिकामं करायचं, एवढंच त्यांनी विचारलं. घराचं साहेब बघतील, ताई म्हणाल्या, आपण शब्द टाकू, पण वचन देता येणार नाही. मग न राहवून बोलल्या, "काका, कागदोपत्री वर तुम्ही जाता आणि तुम्ही तर घरी आहात. उद्या काकू तिकडे घसरल्या तर त्यांना शोधायला कोण जाणार?"

काका शेगडीपासून उठले. मग चाचपडत फोनपाशी गेले आणि बोटांच्या अंदाजाने नंबर फिरवला. "धारेवर माझी बायको जाते," ते शिपायाला म्हणाले. "तिचंच नाव लिहा." आणि त्यांनी रिसीव्हर पुढे केला.

काकूंनी नाव सांगितलं. पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं. मग त्या बर्फाची खोली सांगू लागल्या. काका स्टुलावर बसले आणि कुणी आलंच तर दिसावेत म्हणून सकाळपासून चढवलेल्या बुटांच्या नाड्या हाताने शोधून सोडू लागले.