कुंपणाला प्लास्टिकची पानं

नात गाडीच्या डिकीतून हिरव्या गुंडाळ्या काढू लागली तेव्हा मला वाटलं, चटया आणल्या. उलगडल्यावर बघते तर पानंच पानं. प्लास्टिकची.

"शोशो, आपल्या कुंपणाला," ती म्हणाली. शोशो म्हणजे आजी. आमच्यात पहिल्या नातीला आजीचंच नाव देतात, म्हणून ती न्यागुथी आणि मीही न्यागुथी. हट्टसुद्धा नावाबरोबरच गेला असावा.

ते कुंपण गिचुहीनं, माझ्या नवऱ्यानं, आमचा किहारा जन्मला त्या वर्षी घातलं. लिमुरूच्या लाकूडगिरणीतली सायप्रसच्या झाडाची फळकुटं खांद्यावरून वाहून आणली आणि एकेका खांबाला कंबरभर खोल खड्डा घेतला. मी तान्ह्याला पाठीशी बांधून खिळे हातात देत होते. आता फळ्या करड्या पडल्या होत्या, शेवाळलेल्या, काही कललेल्या. शनिवारी न्यागुथीच्या होणाऱ्या सासरचे बकऱ्या घेऊन मागणी घातल्याची खूण म्हणून अंगणात डहाळी रोवायला येणार होते आणि किहाराला कुंपणाची लाज वाटू लागली होती.

"पाडतो आणि दगडी भिंत घालतो," तो म्हणाला. "गवंड्याशी बोललोय."

"आधी मला पुर, मग ते पाड."

न्यागुथी मध्ये पडली. "बाबा, मी ते नवं करते. पाहुण्यांनी नावं ठेवली तर सोमवारी गवंडी बोलवा. नाही ठेवली, तर शोशोचं कुंपण राहील."

"प्लास्टिक लावून?" किहारा हसला. "बरं, ठरलं."

दोन दिवस पोरगी खपली. तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडलं, कुजलेल्या तीन फळ्या बदलल्या, उरलेल्यांना गॅरेजमधलं जळकं तेल पाजलं. मग बारीक तारेनं पानं बांधली. मी स्टुलावर बसून चुका दाखवत होते.

"तिथं भगदाड दिसतंय. अजून खाली घे."

"तुला तर हे आवडलं नव्हतं ना?"

"नाहीच आवडलेलं. पण करायचं तर नीट कर. आणि ती सैल फळी झाकू नकोस."

त्या फळीतून शेजारची वांबुरा आणि मी चाळीस वर्षं मीठ, निखारे आणि गावभरच्या बातम्या देतघेत आलो. लगेच तिचा डोळा तिथं दिसला. "अगं किहाराच्या आई, फेब्रुवारीत एवढी हिरवळ? पाणी चोरतेस की काय?"

शनिवारी फाटकाशी त्यांच्या बायका गाऊ लागल्या. आमच्या बायकांनी रीतीप्रमाणे आतून टोमणे मारत त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं, मगच फाटक उघडलं. त्यांच्या तरुणांनी चार बकऱ्या आत आणल्या आणि हिरवं दिसलं तिथं बांधल्या. सगळं रान वाळलेलं. दुसरीकडे कोण बांधील? आमच्याही कुणाला सुचलं नाही.

चहाचे पेले भरतोय तोच टरकन आवाज झाला. बकऱ्यांनी पानं दातांत धरली होती आणि चारी पाय रोवून ओढत होत्या. बघता बघता सगळी हिरवळ जमिनीवर आली. एकीनं पान चावलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकलं. मागं गिचुहीच्या फळ्या उघड्या पडल्या. किहारानं कपाळाला हात लावला. न्यागुथी माझ्याकडे बघेना.

मुलाचे आजोबा, म्हातारे न्दिरांगू, काठी टेकत कुंपणापाशी गेले. त्यांनी एक खांब हलवून पाहिला. दुसरा पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या बकऱ्या आमच्यापेक्षा शहाण्या. चौघींनी मिळून ओढलं, पानं आली, कुंपण तसूभर हललं नाही. कुणी घातलंय?"

"माझ्या नवऱ्यानं."

"मग मुलगी याच घरातली हवी. डहाळी इथंच रोवू, या खांबाशी."

बायकांनी जल्लोष केला. सैल फळीतून वांबुराचा आवाज सगळ्यांत मोठा.

पाहुणे गेल्यावर किहारानं माझ्यासमोरच गवंड्याला फोन केला. "सोमवारी येऊ नका. नाही, नंतरही नको."

न्यागुथीनं पानं पुन्हा बांधली, या वेळी बकरीच्या मानेच्या वर. खाली गिचुहीच्या फळ्या, वर पानं. रस्त्याची धूळ बसते म्हणून मी ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते.

"आवडली म्हण की आता!" फळीतून वांबुरा.

"मीठ हवंय की भांडण?"

"दोन्ही दे."