सकाळीच केलेल्या सह्या

नऊ नंबरच्या आजोबांना बेडवरून ट्रॉलीवर घेताना मामांच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आजोबा अर्धे बेडवर आणि अर्धे मामांच्या हातांवर होते. अशा वेळी हात सोडला तर काय होतं, हे मामांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत चांगलंच ठाऊक झालेलं होतं. त्यांनी दात आवळले, आजोबांना अलगद ट्रॉलीवर टेकवलं, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि मग ट्रॉलीचा दांडा धरून ते नुसतेच उभे राहिले.

"काय झालं हो?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. चमक भरली जराशी."

"मग बसा की घटकाभर. माझा एक्स-रे काय पळून जातोय?"

मामा बसले नाहीत. बसलो तर उठता येईल याची त्यांना खात्री वाटेना. ट्रॉली ढकलत ते आजोबांना एक्स-रेच्या खोलीपर्यंत घेऊन गेले, आणि खरं सांगायचं तर त्या ट्रॉलीनंच मामांना तिथवर नेलं.

मामा म्हणजे हाडांच्या वॉर्डातले शिपाई. पेशंट उचलणं, वळवणं, तपासणीला नेणं, परत आणणं हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी कुणीतरी मामा म्हणालं आणि ते नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. शिकाऊ नर्सपासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे मामाच म्हणत. "आता मीही मामाच म्हणते तुम्हाला, सवय तरी एकच राहील," असं बायको अधूनमधून म्हणे. वॉर्डात त्यांच्या जोडीला आणखी एक शिपाई होता. त्याला धाकटे मामा म्हणत. हा धाकटा चाळिशीचा होता, पण हुद्दा मिळाला की वयाला कोण विचारतं!

आता या दोघांची एक गंमत होती. गंमत म्हणजे खोडच. पेशंटला उचलायचं तर दोन माणसांनीच, असा दवाखान्याचा नियम होता. त्यासाठी वॉर्डाच्या दाराशी एक वही टांगलेली असे. बेड नंबर, वेळ, आणि पुढे उचलणाऱ्या दोघांच्या सह्या. कामाच्या धांदलीत दर वेळी वहीपाशी कोण जाणार? म्हणून मामांनी फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. सकाळी आठला आलं की दोघांनी पानभर सह्या करून टाकायच्या, आणि दिवसभर त्यापुढे फक्त बेड नंबर नि वेळ भरत राहायचं. एकदा सह्या झालेल्या असल्या म्हणजे दुसऱ्यानं हजर असायलाच पाहिजे असं काही उरलं नाही. मग अकराचा चहा धाकट्याचा आणि चारचा चहा मामांचा, अशी वाटणी झाली. एक खाली कॅन्टीनला, दुसरा वर एकटा. धाकटा नवा होता तेव्हा हे सगळं त्याला मामांनीच शिकवलं होतं, मोठ्या कौतुकानं.

नऊ नंबरचे आजोबा अकरा वाजून दहा मिनिटांनी उचलले गेले. वहीत तशी नोंद झाली. पुढे दोन सह्या होत्याच.

त्या दिवशी मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. धाकटा चहा पिऊन आला तेव्हा "जरा पाठ धरलीय" एवढंच म्हणाले आणि उरलेला दिवस जड काम त्याच्यावर ढकललं. घरी बायकोनं शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उठायला गेले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की बायको हातातलं टाकून धावत आली. डाव्या पायात मांडीपासून टाचेपर्यंत कळ जात होती. कुशीवर वळायचं म्हटलं तरी घाम फुटत होता.

"कधी झालं हे?" तिनं विचारलं.

"काल. कामावर."

"आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात? कुणाला सांगितलंत का तिथं?"

मामा वर पंख्याकडे बघत राहिले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याचाच घोर त्यांना रात्रभर लागला होता. कामावर लागलं म्हटलं की फॉर्म येणार. फॉर्ममध्ये विचारणार, सोबत कोण होतं? वहीत धाकट्याची सही, आणि धाकटा तर खाली कॅन्टीनमध्ये. दोन महिन्यांपूर्वीच त्याला उशिरा येण्याबद्दल लेखी ताकीद मिळाली होती. आणखी एक काही झालं की घरी, असं त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. घरी दोन मुली, दोघी शाळेत. आणि ही खोड लावली कुणी? मामांनी.

शेजाऱ्यानं गाडीतून दवाखान्यात आणलं. मामांना त्यांच्याच वॉर्डात, चौदा नंबरच्या रिकाम्या बेडवर घेतलं. तिथवर आणेपर्यंत मामांचा निश्चय झाला होता. तरुण डॉक्टरांनी पाय वर उचलून पाहिला, अंगठा खाली दाबायला सांगितला, पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, असं सगळं विचारलं आणि मग पेन काढलं.

"कसं लागलं, मामा?"

"घरी. पाण्याची बादली उचलताना."

डॉक्टर लिहू लागले. एवढ्यात पायाशी उभी असलेली बायको उसळली.

"बादली? अहो डॉक्टर, लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, आमच्या घरात बादली मीच उचलते! यांना बादली कुठं ठेवलीय तेही ठाऊक नाही!"

शेजारच्या बेडवरचा पेशंट हसला. डॉक्टरही हसले असावेत, पण त्यांनी तोंडावर हात धरला. मामांचा चेहरा मात्र पडला.

"अगं, तू गप्प बस ना."

"का बसू? काल कामावर लागलं म्हणालात. मला एक सांगता नि डॉक्टरांना एक?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते बेडच्या कडेला बसले. वयानं मुलाएवढेच, पण बोलले समजूतदारपणे. "मामा, कागदावर घरी लिहिलं की घरीच राहतं. उद्या दुखणं वाढलं, तीन महिने उठता आलं नाही, आणि मग तुम्ही खरं सांगितलंत, तर कुणी ऐकून घेणार नाही. कामावर लागलं असेल तर आजच्या आज लेखी कळवायला हवं, कुठं, किती वाजता, कशामुळे. मी तपासलं तेही त्यात येईल. जसं झालं तसं सांगा, म्हणजे मलाही नीट उपचार करता येतील. बादली उचलून आणि माणूस उचलून पाठ एकसारखी मोडत नाही."

मामांनी डॉक्टरांच्या कागदाकडे बोट केलं आणि म्हणाले, "खोडा ते. कामावर लागलं. नऊ नंबरला उचलताना. मी एकटा होतो."

डॉक्टरांनी 'घरी' खोडून बाजूला सही केली.

ही बातमी पोहोचायला किती वेळ लागणार? धाकटा पाच मिनिटांत हजर झाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. बायको औषधं आणायला गेली होती, तेवढं साधून तो मामांच्या कानाशी वाकला.

"मोठे, मी होतो म्हणून सांगतो ना. वहीत सही आहेच. दोघांनी उचललं, तरीसुद्धा लचकली. होतं असं कधीकधी."

मामांना मोह झाला नाही असं नाही. किती सोपं होतं! पण ते धाकट्याकडे बघत राहिले आणि त्यांना त्याची पहिली सही आठवली, पानभर एकदम केलेली, आणि वर स्वतःचंच वाक्य, 'असंच करायचं असतं रे.'

"नको," मामा म्हणाले. "तुला एकदा चुकीचं शिकवलं, तेवढं पुरे झालं. आता आणखी खोटं शिकवत बसत नाही."

"माझी नोकरी जाईल हो."

"माहीत आहे मला. तरी नको."

इन्चार्ज सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. बाई पन्नाशीच्या, आवाज असा की वॉर्डातल्या टोकाच्या पेशंटनंही आपोआप औषध घ्यावं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक रकाना वाचत मामांकडून माहिती घेऊन भरायला सुरुवात केली. तारीख, वेळ, जागा, काय करताना. मामा सांगत गेले. धाकटा बेडच्या दांड्याला धरून उभा होता, पळून जायला जागा शोधत असल्यासारखा.

"त्या वेळी सोबत कोण होतं?"

"कुणी नाही, सिस्टर."

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहीत तर दोघांच्या सह्या आहेत."

"त्या सकाळीच करतो आम्ही. सगळ्या एकदम. आठ वाजता." मामांनी घसा साफ केला. "ही रीत मी पाडलीय. धाकट्यानं नाही. तो चहाला गेला होता, कारण चारला मी जातो. दोष द्यायचा तर मला द्या."

सिस्टर उठल्या, दाराशी टांगलेली वही काढून आणली आणि कालचं पान उघडलं. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं. त्या बोट फिरवत खाली खाली गेल्या आणि शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. तिथं 'तपासले' असा शिक्का होता, आणि त्यावर इन्चार्ज सिस्टरची सही. बाजूला वेळही घातलेली होती, सकाळी आठ वाजून वीस मिनिटं.

सिस्टरांनी तो शिक्का पुन्हा एकदा वाचला.

"मी पण..." सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "पेशंटना उचलायच्या आधीच मी तपासून मोकळी झालेय की!"

मामांना हसू फुटलं. हसताना कमरेतून कळ गेली, म्हणून ते "आई गं" करत हसले. धाकटा आधी घाबरून दोघांकडे बघत होता, मग तोही हसला, रडायला आलेल्या माणसासारखा. सिस्टरांनी स्वतःला सावरलं, तोंड गंभीर केलं आणि बाजूच्या टेबलावरच्या फोनवरून मेट्रनना फोन लावला.

"मॅडम, वॉर्डात अपघात झालाय. हो, कर्मचाऱ्याला. मामांना... नाही, एकटे होते... हो, सही आहे, पण खोटी आहे. म्हणजे सही खरी आहे, माणूस नव्हता... हो, मॅडम, माझीही आहे. सकाळची... नोटीस तिघांनाही काढावी लागेल, कबूल आहे..." इथं त्या थोड्या थांबल्या. "पण महिन्याच्या शेवटी त्या वहीवर तुमचीही सही असते, मॅडम."

पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. सिस्टर "हो, हो" करत राहिल्या. शेवटी सिस्टरांनी फोन ठेवला.

"नोटीस कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सही उचलल्यावर. आणि चहाच्या वेळेला तिसरा माणूस देणार आहेत. इतकी वर्षं मागत होते मी, तेव्हा नाही दिला." त्यांनी फॉर्मवर सही केली, मामांची घेतली, धाकट्याचीही घेतली, आणि एक प्रत औषधं घेऊन परतलेल्या मामांच्या बायकोच्या हातात दिली. "ही नीट ठेवा, मामी. हरवू नका. बरं होईपर्यंतची रजा आता कामावरचीच धरली जाईल."

मामांचा जीव भांड्यात पडला. धाकट्यानं त्यांचा हात हातात घेतला.

तासाभरानं पाठीचा मोठा फोटो, म्हणजे एमआरआय, काढायची वेळ झाली. मामा कोपर टेकून उठू लागले. "चालतो मी. काठी द्या नुसती."

"झोपा," सिस्टर म्हणाल्या.

धाकट्यानं ट्रॉली आणून बेडला लावली. सिस्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि त्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. दोघांनी मामांच्या खालच्या चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत घेतल्या. मामांचं सगळं अंग ताठ झालं. आयुष्यात किती माणसं उचलली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नव्हता, पण त्यांना स्वतःला आजवर कुणी उचललं नव्हतं.

"मामा, अंग सैल सोडा," धाकटा म्हणाला.

हे वाक्य मामा दिवसातून वीसदा म्हणत. म्हणायला सोपं होतं. ऐकणाऱ्याला ते किती अवघड जातं, हे त्यांना आज कळलं.

"जड आहे रे मी."

"आहातच. पण आम्ही दोघं आहोत."

मामांनी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.