जवाईबापूंची वेबसाइट

चंद्रकला भोजनालयाची वेबसाइट जावयानं बनवली होती, त्यामुळे घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

जावई देवानंद जवाहरनगरला कारखान्याच्या कचेरीत कामाला. माणूस हौशी. सासरे श्यामराव यांच्या मोहाडीतल्या भोजनालयाचं नाव लांबवर जावं म्हणून त्यानं सुट्ट्यांमध्ये खपून ती उभी केली होती. उघडली की आधी सनई वाजायची. मग पडद्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे सोनेरी मासोळ्या पोहत जायच्या. त्यांच्यामागून ‘सुस्वागतम’ची अक्षरं गरगर फिरत यायची, आणि ती थांबली की फुलांच्या चौकटीत खुद्द श्यामराव प्रकट व्हायचे, कोट घातलेले. जेवायला काय मिळतं, ते त्यानंतर कुठेतरी खाली होतं.

श्यामरावांची धाकटी मुलगी रिता हे बघायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. नागपूरच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून हेच काम करत होती. लोकांचं बोट फोनवर कुठे जातं, कुठे अडतं, कंटाळून कधी निघून जातं, हे पाहायचं आणि त्याप्रमाणे वेबसाइट सुधारायची. पण बाबांनी तिला विचारलंच नव्हतं. जावयानं हौसेनं विषय काढला, बाबांनी मान डोलावली, झालं. घरच्या पोरीला काय विचारायचं! तिनं एकदा तोंड उघडलं, तर आई चंद्रकलाबाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"जवाई माणूस आहे तो. एक शब्द बोलशील तं पाय," आईनं दम भरला. "तुह्या बहिणीले नांदायचं आहे तिथं."

इकडे श्यामराव वेगळ्याच काळजीत. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची, रस्त्यानं जाणारे थांबायचे, पण लांबून फोन करून येणारं कुणीच नाही. गल्ल्यावर बसून ते फोनकडे बघत म्हणायचे, "लोकायनं मासोळी खाणं सोडलं का काय?"

एका रविवारी थोरली लेक ज्योत्सना आणि देवानंद जेवायला आले, तेव्हा रिताला युक्ती सुचली. तक्रार करायला तिला बंदी होती. पण मेहुणीनं भाऊजींची थट्टा करायला कुणाची बंदी असते?

"भाऊजी," ती म्हणाली, "आज ताट असं नाही भेटणार. तुमच्याच वेबसाइटवरून मांगवा."

"अरे वा!" देवानंदनं बाह्या सरसावल्या. "आण इकडं फोन."

रितानं त्याच्या हातात आईचा जुना फोन ठेवला. देवानंदनं आपली निर्मिती आजवर फक्त स्वतःच्या मोठ्या लॅपटॉपवर पाहिली होती. रिता समोर हाताची घडी घालून बसली. तिच्या धंद्यातला पहिला नियम तोच होता: समोरचा अडला तरी बोलायचं नाही, फक्त बघायचं. तो पाळताना तिला ओठ दाताखाली धरावे लागले.

सनई वाजली. ती इतक्या जोरात वाजली, की शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा कुणाचं लग्न आहे म्हणून मागे वळून बघू लागले. देवानंद ती बंद करायचं बटण शोधू लागला. ते त्यानं ठेवलंच नव्हतं. मग मासोळ्या निघाल्या. लॅपटॉपवर सरसर जाणाऱ्या मासोळ्या आईच्या फोनवर चिखलात रुतल्यासारख्या अडखळत होत्या. आत स्वयंपाकघरात रोहूचे तुकडे तेलात पडले आणि खमंग वास बाहेर आला. देवानंदच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नेट स्लो आहे तुमच्याकडं," तो म्हणाला.



अखेर यादी सापडली. छापील कार्डाचा तो आडवा फोटो होता. त्यानं फोन आडवा केला, तर फोटोही फिरून पुन्हा आडवाच झाला. त्यानं मान वाकडी केली. अक्षरं मुंग्यांएवढी. बोटांनी ताणून मोठी केली, तर ‘मरळ फ्राय’ दिसायच्या ऐवजी सासऱ्यांच्या कोटाचं बटण दिसायला लागलं.

"जाऊ द्या," ज्योत्सनाला नवऱ्याची दया आली. "खाली नंबर आहे नं? फोनच करा."

नंबर दाबला तरी फोन लागेना, कारण तोही चित्रातच होता. देवानंदनं एकेक आकडा वाचून तो लावला आणि ऐटीत स्पीकर सुरू केला. गल्ल्यावरचा फोन मात्र वाजला नाही. पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"हॅलो, मासोळी पायजे नं तुमाले?"

"हो..." देवानंद गोंधळला. "चंद्रकला भोजनालय का?"

"नाही बापू. मी सिहोऱ्याहून बायाबाई बोलून राहिली. रोज येतेत असे फोन. पहिले मी रागावत होती. मग म्हणलं, बिचारे भुकेले लोक, आपणच सांगून द्याव. किती जण आहा? रोहू आणा, हळद-मीठ लावून ठेवा, लसूण-जिरं वाटा, चिंचेचा कोळ टाका. हॉटेलात कायले जाता? घरीच करा!"

इतके महिने गिऱ्हाइकं फोन करत होती, आणि बायाबाई त्यांना घरोघर रस्सा करायला शिकवत होती!

स्वयंपाकघरातून चंद्रकलाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी जावयाच्या हातातून फोन ओढला. "चिंच? रोहूत चिंच टाकता तुमी?"

"मग काय टाकाव?"

"आंबाडी टाका, बाई!"

दोघींची तिथे जी जुंपली, ती ऐकून सगळ्यात आधी ज्योत्सना खळखळून हसली. श्यामरावांनी जावयासमोर हसू नये म्हणून दुपट्टा तोंडात कोंबला, पण त्यांचे खांदे गदगदत होते. रिता मात्र घाबरली. देवानंदचा चेहरा पडला होता. त्यानं भिंतीवर रंगवलेला नंबर पाहिला, आठवून पडताळला. वेबसाइटवर टाकताना एक आकडा त्याच्या हातून चुकला होता.

"तुले माहीत होतं हे?" त्यानं रिताला विचारलं.

"नंबरचं नव्हतं, देवाशपथ. बाकीचं होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी जवाई आहा नं."

"जवाई आहो म्हणून माह्या गाडीची हवा गेली तरी सांगणार नाही का कोणी?" तो चिडून म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच हसू फुटलं. "पहिले जेवू द्या. मग बसू दोघंही."

बसले. सनई गेली. उघडल्याबरोबर आज कोणती मासोळी आहे ते, खाली बोट लावताच फोन लागेल असा नंबर आणि यायचा रस्ता. यादी साध्या मोठ्या अक्षरांत. मासोळ्यांसाठी देवानंद बराच वेळ भांडला. शेवटी एक छोटी मासोळी कोपऱ्यात राहिली, न पोहण्याच्या अटीवर. खरा झगडा केला तो श्यामरावांनी.

"माहा फोटो काहून काढला?"

"बाबा, लोक तुम्हाले खायले येतेत का?" रिता म्हणाली. फोटो सगळ्यात खाली गेला, कोटासकट.

पुढे देवानंदला या कामाचं वेडच लागलं. तो जवाहरनगरात ज्याच्या त्याच्या हातात फोन द्यायचा, "बोलू नका, फक्त मासोळी मांगवा," असं म्हणायचा आणि त्यांच्या अंगठ्याकडे टक लावून बघायचा. मग रिताला ऐन कामात फोन. "अवो, आमच्या कचेरीतल्या साधनाताईले बटण दिसलंच नाही! रंग बदलव." लोक त्याला पाहून रस्ता बदलू लागले. पण त्याचं बरोबर असायचं, आणि रिता रंग बदलायची.

बायाबाईंचे आणि चंद्रकलाबाईंचे फोन सुरूच राहिले. आंबाडीचा निकाल अजून लागलेला नाही.

भोजनालयाचा फोन मात्र वाजू लागला. एका दुपारी श्यामरावांनी तो उचलला, तेव्हा रिता मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"हो हो, मरळ आहे आज," ते सांगत होते. "वेबसाइट? माह्या पोरीनं बनवली. रितानं. जवाईबापूबी होते संगं."

रितानं मान वर केली नाही. पलीकडच्यानं बहुधा रस्ता विचारला, कारण बाबा उठून उभे राहिले आणि हात करून सांगू लागले: तहसीलवरून सरळ या, मग पिंपळाचं झाड, तिथं पानठेल्यावर कवडूले विचारा. वेबसाइटवर नकाशा होता, एका बोटात उघडणारा. तिनं तो स्वतः बसवला होता. पण बाबा इतक्या तब्येतीनं सांगत होते, की तिनं त्यांना सांगू दिलं.