खांबावरचं कुंकू

ऐका बाई, मी चरखी. मेळघाटच्या सागाची, दोन लाटांची, एका दांड्याची. एकमेकींवर फिरणाऱ्या त्या लाकडी लाटांमध्ये कापूस सारला की सरकी अलीकडं पडायची अन् रुई पलीकडं, ढगासारखी.

ती वर्षं स्वप्नातल्यासारखी. साता समुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला, अन् जगाला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गाड्याच गाड्या. वाटेवरच्या बाभळींना कापूस अडकून त्यासुद्धा पांढऱ्या फुललेल्या. आमच्या ओसरीत दुपारच्या उन्हात रुईचे तंतू तरंगायचे, अन् त्यांच्यात बसून मनकर्णा माझा दांडा फिरवायची. अंजनगावची लेक, या घरची सून. मांडीवर आठ महिन्यांची पोर. मी कुईकुई करायची, पोर झोपायची.

मग मनकर्णाला ताप आला. सतरा दिवसांनी उतरला, पण उजव्या डोळ्याला आळस देऊन गेला. उजवीकडं बघायचं झालं की डावा डोळा निघायचा, उजवा अर्ध्या वाटेत थांबायचा. मी इतकी जवळ, मला दिसायचं. घरच्यांना कुठलं दिसायला!

माझा दांडा तिच्या उजव्या हाताला. ती धरायला जायची अन् मूठ वीतभर पलीकडं मिटायची. रिकामी.

"आत्याबाई, चरखी सरकून राहिली," ती सासूला म्हणाली. "दांडेबी दोन दिसतात."

सासूबाईंनी, माणिकबाईंनी, मीठ-मोहऱ्यांनी दिष्ट काढली. सुनेची नाही, माझी!

मनकर्णाचा नवरा शालिकराम दोर घेऊन आला. "सरकते काय? मंग बांधतो इले खांबाले. पाहू कुठं पयते थे!"

करकचून बांधलं. मी चरखीची गाय झाले. मूठ तरीही पलीकडंच, खांबावर.

एक दिवस पाळण्यातून पोर उचलताना हात चुकला अन् पोर जमिनीवर पडली. फार लागलं नाही, पण घर हादरलं.

"तू माहेरी जाय," माणिकबाई म्हणाल्या. "पोरगी राहू दे इथंच. तुह्या हाताचा भरोसा नाई राहिला, माय."

सकाळी गाडी जुंपली. पोरीचा पापा घेऊन मनकर्णा कुंकवाची डबी उचलून मला निरोपाचं कुंकू लावायला आली, रोजच्या जागी बसली. बाहेर गाडीवान, म्हणून डोईवरचा पदर पार गालापर्यंत ओढलेला. त्या पदराआड उजवीकडचं काहीच दिसेना. तेव्हा तिनं अख्खी मान माझ्याकडं वळवली. डोळे आपल्या जागी सरळ. अन् बोट टेकलं, बरोबर माझ्या कपाळावर.

किती दिवसांनी तो हात! मी कुई करायची विसरले.

माणिकबाई दारात होत्या. "थांब. पदर मांगं घे. आता लाव."

पदर मागं गेला. मान सरळ राहिली, नुसते डोळे वळले. कुंकू खांबावर.

"आता मान फिरव, माय. डोये नको फिरवू."

कुंकू माझ्यावर.

शालिकराम डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजे चरखी नोती सरकत?"

"तुही अक्कल सरकली होती. सोड तो दोर. बैलबी सोड." मग सुनेच्या कानाशी, हळूच, "अन् म्या चरखीची दिष्ट काढली, थे माहेरी सांगू नको."

मनकर्णानं मान पाळण्याकडं वळवली, अन् दोन्ही हात पोरीच्या काखेत नेमके गेले.

वर्षभरात डोळा ताळ्यावर आला. पुढं लढाई थांबली, गाड्या विरळ झाल्या, वाफेवरचे कारखाने आले. मी त्याच खांबाशी बसून राहिले. दर दसऱ्याला मनकर्णा दोन टिकल्या लावायची, एक मला, एक खांबाला. तिच्या मागं या घरच्या सुना लावतात. कावून, ते कोणी विचारत नाही.

माझ्या लाटा झिजल्या, दांडा केव्हाचा तुटला. उद्या मला चुलीत घातलं तरी माझं काही म्हणणं नाही. खांबावरचं कुंकू तेवढं पुसू नका, बाई. तिथं मी कधीच नव्हते. पण एका बाईच्या डोळ्यांत मी किती दिवस तिथंच होते, अन् ती रोज तिथं मला धरायला हात लांबवत होती.